चेनला थोडी ढील असू दे

मोटरसायकल स्टँडवर, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद. चेनचा खालचा पदर दोन्ही स्प्रॉकेटच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या दातेरी चकत्यांच्या, मधोमध एका बोटानं वर उचलायचा, मग खाली दाबायचा, आणि तो एकूण किती हलतो ते स्टीलच्या पट्टीवर मोजायचं. बहुतेक गाड्यांत हे अंतर २५ ते ४० मिलिमीटरच्या मध्ये कुठंतरी असतं. नेमका आकडा आणि तो मोजताना गाडी कोणत्या स्टँडवर हवी, हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं आणि बऱ्याचदा मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरच्या स्टिकरवरही. लांबच्या प्रवासाच्या गाडीची तयारी मला इथूनच सुरू करावीशी वाटते. बॉक्स, गार्ड, जादा दिवे हे सगळं नंतर.

कारण सगळ्यात जास्त चुका याच जागी होतात. चेन खडखडते म्हणून माणूस गॅरेजमध्ये जातो आणि म्हणतो, “जरा ताणून द्या.” मग ती वीणेच्या तारेसारखी ताणली जाते, आवाज थांबतो, माणूस खूश. पण चेन रिकाम्या गाडीवर ताणलेली असते. उद्या त्याच गाडीवर दोन माणसं आणि सामान बसतं, शॉकअप दबतो, मागचं चाक चिमट्यासकट वर सरकतं. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, चिमट्याचा पिव्होट (तो ज्या बोल्टाभोवती खाली-वर होतो तो) आणि मागचा एक्सल हे तीन बिंदू एका रेषेत आले की दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वात जास्त होतं. त्या क्षणी चेनला जी ढील लागते, ती आपण आधीच काढून टाकलेली असते. मग चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टला मागे ओढत राहते. तिथली बेअरिंग जाते, ऑइल सील गळायला लागतं, आणि शॉकअपला पुरता दबायलाही मिळत नाही. खड्ड्यात गाडी आपटते ती बऱ्याचदा शॉकअप कडक म्हणून नाही, तर चेननं अडवून धरलं म्हणून.

मोजमाप एकाच ठिकाणी करून भागत नाही. चाक थोडं थोडं फिरवून चार जागी बघावं. जुन्या चेनच्या काही कड्या जास्त झिजलेल्या असतात, काही कमी, त्यामुळं एका जागी ती घट्ट लागते आणि दुसऱ्या जागी लोंबते. माप घ्यायचं ते सर्वात घट्ट जागेवर. मग एक्सलचा नट सैल करायचा आणि दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर पाव-पाव आटा सारखे फिरवायचे. चिमट्यावरच्या खुणांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पिव्होटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे टेप लावून बघितलं की चाक सरळ आहे का तिरकं, ते कळतं. नट आवळण्याआधी चिंधीची जाड घडी चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये धरून चाक हातानं हलकंच फिरवावं. घडी अडकते, एक्सल पुढे ओढला जाऊन ॲडजस्टरवर घट्ट टेकतो. बोटं लांब ठेवून. मग नट पुस्तकातल्या टॉर्कला आवळायचा आणि पुन्हा एकदा ढील मोजायची, कारण आवळताना ती दोन-चार मिलिमीटर बदलते.

चेन बदलायची वेळ आली का, हे ओळखायची साधी रीत आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी पाठीमागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागं ओढायची. ती निम्मा दात उघडा पडेल इतकी सुटून आली तर तिचे दिवस भरले. तेव्हा नुसती चेन घालू नये. दोन्ही स्प्रॉकेटसकट सेटच बदलावा, कारण झिजलेले आकड्यासारखे दात नव्या चेनला काही हजार किलोमीटरमध्ये जुनी करतात.

या ढिलेचा विचार एकदा डोक्यात बसला की गाडीकडं बघायची नजर बदलते. क्लचच्या लिव्हरला ढील लागते, ॲक्सिलरेटरच्या वायरला लागते, हँडलपाशी वळणाऱ्या वायरिंगला लागते, शॉकअपला खाली-वर दोन्हीकडं जागा लागते. आणि आपण गाडीवर जे जे हौसेनं बसवतो, ते यातलीच कुठली तरी ढील खात असतं.

वजनाचंच घ्या. पुस्तकात दोन आकडे असतात: गाडीचं स्वतःचं वजन आणि सामान-माणसांसकट चालणारं कमाल वजन. समजा पहिलं १९५ किलो आहे आणि दुसरं ३७५. म्हणजे हाताशी १८० किलो. चालवणारा ७५, मागं बसणारी व्यक्ती ६०, दोघांची हेल्मेटं, जॅकेटं, बूट मिळून १२. झाले १४७. उरले ३३. आता सामानाची फ्रेम ५ किलो, बाजूचे दोन रिकामे बॉक्स ९ किलो, मागचा टॉप बॉक्स ४ किलो. म्हणजे १८ किलो रिकाम्या डब्यांतच गेले आणि कपडे, हत्यारं, रेनकोट, पाणी या सगळ्यांना मिळून १५ किलो राहिले. हा हिशेब कागदावर केला की ॲल्युमिनियमच्या भल्यामोठ्या डब्यांचा मोह आपोआप कमी होतो. कोकणातून येताना मागं आंब्याची पेटी बांधली तर काय होईल, हेही कळतं. दोघांच्या दोन-तीन दिवसांच्या फेरीला कापडी बॅगा बऱ्या, असं माझं ठाम मत आहे. फक्त त्यांचा तळ सायलेन्सरपासून लांब ठेवायचा आणि पट्ट्यांची मोकळी टोकं गुंडाळून बांधायची. लोंबणारा पट्टा चेनमध्ये किंवा चाकात गेला तर मागचं चाक जागेवर अडकतं.

वजन किती, याइतकंच ते कुठं आहे हेही महत्त्वाचं. जड वस्तू खाली आणि जमेल तितक्या पुढं. टॉप बॉक्स मागच्या एक्सलच्याही मागं लटकलेला असतो, त्यामुळं त्यातला प्रत्येक किलो पुढचं चाक थोडं उचलतो. त्यात हत्यारांची पिशवी टाकली की वेगात हँडल हलकं लागतं, थरथरतं, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि फरसाण ठेवावं. हत्यारं बाजूच्या बॅगेत, तळाला.

सामान चढवल्यावर शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, न बदलणारे फार. माप साधं आहे. मागचं चाक अधांतरी असताना एक्सलपासून वर सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग सगळं सामान आणि माणसं बसवून, गाडी सरळ धरून, तेच अंतर पुन्हा घ्या. दोन्हीतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तीस ते पस्तीस टक्के यावा. हालचाल २०० मिलिमीटरची असेल तर ६० ते ७०. जास्त येत असेल तर सी पान्ह्यानं प्रीलोडचा एक-एक खाचा वाढवत जायचा. प्रीलोडनं स्प्रिंग कडक होत नाही. ती आहे तेवढीच राहते, गाडी फक्त योग्य उंचीवर उभी राहते आणि खड्ड्यासाठी खाली जागा शिल्लक उरते. घरी परतल्यावर खाचे मागं घ्यायला विसरू नये, नाहीतर रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारते.

आता कोल्हापूरकरांच्या आवडीचा विषय. आपल्याकडं उद्यमनगर आहे. ज्या गावात शेतीची ऑइल इंजिनं घडली, त्या गावात गाडीचा कॅरिअर करून घ्यायला काय अवघड? लेथवाला, बेंडिंगवाला, वेल्डिंगवाला, पावडर कोटिंगवाला, सगळे हाकेच्या अंतरावर. ही सोय मोठी आहे आणि तिचा अभिमानही वाटतो. पण काम सांगताना आपल्याला काय हवं ते नेमकं सांगता आलं पाहिजे. पाइप १९ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा आणि दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा पुरतो. त्याहून जाड घेतला की ताकदीपेक्षा वजनच वाढतं. बोल्ट एम ८, डोक्यावर ८.८ हा आकडा असलेले. वेल्डिंगचा सांधा शक्यतो नुसता पाइपावर पाइप ठेवून नको, कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी द्यावी. कॅरिअर तुटतो तो वेल्डवर क्वचितच. वेल्डच्या लगत, जिथं लोखंड तापून त्याचा गुण बदललेला असतो तिथं, केसासारखी चीर पडते आणि थरथरीनं वाढत जाते. रंगावर गंजाची बारीक रेघ दिसली की ती चीर समजावी.

आणि एक गोष्ट हट्टानं पाळावी: गाडीच्या मूळ चासीला वेल्डिंगचा रॉड लावू द्यायचा नाही. कॅरिअर असो वा गार्ड, जे काही बसेल ते कंपनीनं दिलेल्या भोकांत, बोल्टनं, उद्या काढता येईल असं. वेल्डिंग करायचं तर भाग गाडीवरून उतरवून. आजच्या गाड्यांत इसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक आहे, ब्रेक मारताना चाक अडकू न देणारं एबीएसचं युनिट आहे. गाडीवर भाग तसाच ठेवून आर्क मारला तर तो करंट कुठल्या वाटेनं जाईल हे कुणी सांगू शकत नाही. कायद्याच्या बाजूनंही हेच शहाणपणाचं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. कर्कश सायलेन्सर तर नकोच. तासन् तास त्या आवाजात बसून चालवणाऱ्याचं डोकं भणभणतं आणि थकलेला माणूस उशिरा ब्रेक मारतो.

लेग गार्डवर पाय पसरून बसायला फूटरेस्ट लावतात, तेही काढून टाकावं असं मला वाटतं. पाय तिथं असताना ब्रेक पेडल दीड फूट लांब राहतं.

जादा दिवे लावताना पहिल्यांदा बेरीज करावी. प्रत्येकी २० वॉटचे दोन दिवे म्हणजे ४० वॉट, १२ व्होल्टला साधारण ३.३ अँपिअर. त्याला ५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, कारण त्याच्या अलीकडची वायर घासून उघडी पडली तर तिला वाचवणारं कुणी नसतं. रिले, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावायचा. त्याच्या पिनांवर नंबर असतात: ३० नंबरला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला दिवे, ८६ ला चावी चालू केल्यावर करंट येणारी वायर स्विचमधून, ८५ ला अर्थ. वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळू नये. थरथरीनं पीळ सुटतो आणि पावसाळ्यात टेपच्या आत पाणी बसतं. टर्मिनल दाबून क्रिम्प करावं आणि वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवावी. सगळं झाल्यावर मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि इंजिन थोडं रेस करून सगळे दिवे चालू असताना १३.५ च्या वर मिळायला हवेत. तेवढे मिळत नसतील तर बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी होतेय आणि एका सकाळी गाडी स्टार्ट होणार नाही.

मग शेवटची परीक्षा. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन मंद चालू. हँडल पूर्ण डावीकडं न्या, पूर्ण उजवीकडं न्या, आणि कान द्या. वळवताना इंजिनचा आवाज जरासा जरी वाढला तर ॲक्सिलरेटरची वायर ताणली जातेय. हँडल उंच करायला रायझर लावले असतील तर हे हमखास होतं. ब्रेकचा होजही त्याच टोकाला बघावा, तो ताठ होता कामा नये. तीस मिलिमीटरच्या वरचा रायझर लांब वायरी आणि लांब होज घेतल्याशिवाय बसवू नये. घाटाच्या वळणावर हँडल वळवताच गाडीनं आपणहून रेस घेतली, तर समोर दरी असते.

क्लचच्या लिव्हरला मुळाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळीक हवी. ती संपली की प्लेटा पूर्ण चिकटत नाहीत. गावात ते जाणवत नाही. दोघं बसून घाट चढताना इंजिनचा आवाज चढतो, वेग मात्र तसाच राहतो, आणि जळका वास येतो. क्लच वायर तुटण्याची भीती असेल तर नवी वायर जुनीच्या शेजारून आधीच ओवून टोकं टेपनं बांधून ठेवावीत. तुटली की दोन टोकं जोडायची, दहा मिनिटांचं काम. इंजिन ऑइल घेताना डब्यावर ‘जासो एमए२’ हा मोटरसायकलच्या ऑइलचा दर्जा बघावा. कारच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी रसायनं ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला घसरायला लावतात.

ढील चालत नाही ती ब्रेकमध्ये. लिव्हर दाबल्यावर स्पंजासारखी लागली तर आत हवा आहे किंवा ब्रेक ऑइल जुनं झालंय. हे ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं आणि आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात त्याला पाण्याची कमी नाही. डॉट ४ दर्जाचं कोरडं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ठरावीक पाणी शोषलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. भरल्या गाडीनं करूळ किंवा फोंडा घाट उतरताना सतत ब्रेक धरून ठेवला तर कॅलिपर तापतं, ऑइलमध्ये वाफ होते, वाफ दबते आणि लिव्हर हँडलला टेकते. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, ते काळपट दिसू लागलं तर त्याआधीच. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढू, त्याच गिअरमध्ये उतरायचा. वेग इंजिननं धरायचा. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, नेमका मारायचा आणि सोडायचा, म्हणजे त्याला निवायला वेळ मिळतो.

टायरबद्दल थोडक्यात. हवा सकाळी, गाडी थंड असताना भरावी, दोघांसाठी स्टिकरवर वेगळा आकडा असेल तर तोच. चालून तापल्यावर दाब दोन-चार पीएसआय वाढतो, तो वाढला म्हणून हवा सोडू नये. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे बाजूला कोरलेले असतात, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पंक्चरचा छोटा पंप दहा अँपिअरपर्यंत ओढू शकतो, म्हणून तो मोबाइलच्या सॉकेटला न लावता थेट बॅटरीला लावावा.

इतकं करून रस्त्यावर आलो की ढील द्यायची ती समोरच्या अंतराला.

गळीत हंगामात कोल्हापूर-गगनबावडा आणि कोल्हापूर-राधानगरी या रस्त्यांवर रात्री चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, पाठीमागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं झाकलेला, आणि उसाची टोकं ट्रॉलीच्या बाहेर दोन-तीन फूट आलेली. आता हिशेब बघा. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर. कोरड्या चांगल्या रस्त्यावर नीट ब्रेक लागला तर आणखी साधारण ३६. एकूण ६९ मीटर. ओल्या रस्त्यावर हा आकडा सहज ९५ च्या पुढं जातो. हेडलाइटच्या डिमरवर दिवा नसलेली काळपट वस्तू ४०-५० मीटरवर दिसली तरी पुष्कळ. म्हणजे ८० नं जाणारा माणूस त्याला दिसत नसलेल्या जागेत गाडी घालत असतो. तोच वेग ६० केला तर एकूण अंतर ४५ मीटरवर येतं. समोरून येणाऱ्याच्या दिव्यानं डोळे दिपले तर वेग ४० वर आणावा. या वीस किलोमीटरच्या फरकासाठी घरी पोहोचायला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात. गगनबावडा तर सगळा मिळून ५५ किलोमीटर.

ट्रॅक्टरला ओलांडताना हॉर्नवर विसंबू नये. इंजिनाच्या आणि डेकच्या आवाजात चालकाला तो ऐकू जात नाही. दिव्याची उघडझाप करावी, आणि पाठीमागची ट्रॉली एका लयीत झुलत असते तिच्या दोन झोक्यांएवढं अंतर बाजूला सोडावं. शेताकडच्या वाटा जिथं रस्त्याला मिळतात, तिथं चाकांबरोबर आलेला चिखल असतो, वळणावर चिरडलेली कांडी आणि ओलं पाचट असतं. रोप लावणीच्या दिवसांत तसाच चिखल भातशेतांजवळ. त्यावर ब्रेकही नको आणि झुकणंही नको. आधीच वेग कमी करून, हँडल सरळ, गिअरमध्ये, हलक्या हातानं पार व्हायचं.

आंबा घाट आणि आंबोलीच्या धुक्यात अपर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डिमर आणि खाली बसवलेले, खालीच रोखलेले पिवळे दिवे, एवढंच उपयोगाचं. पांढरे पट्टे आणि कडेचं शेवाळ ओलं असताना साबणासारखं घसरतं. हेल्मेटची काच आतून धुरकटली तर ती एक खाचा उघडी ठेवावी. हेल्मेट आयएसआय छापाचं, हनुवटीपर्यंत पूर्ण, आणि एकदा आपटलेलं पुन्हा न वापरलेलं. दाजीपूरच्या जंगलपट्ट्यात पहाटे आणि तिन्हीसांजेला गवे रस्ता ओलांडतात. एक दिसला की थांबावं, हॉर्न वाजवू नये, इंजिन चालू ठेवून कळप जाईपर्यंत लांब उभं राहावं.

आणि पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं असेल तर गाडी पाण्यात घालूच नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता, तिथं मोटरसायकलची काय कथा. चुकून पाण्यात इंजिन बंद पडलंच तर सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा, प्लग काढा, एअर फिल्टर बघा. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर ते बदलल्याशिवाय चालू करू नका.

फेरी संपवून घरी आलं की अंगावरचं जॅकेट उतरण्याआधी एक काम उरतं. चेन अजून कोमट असते, आणि कोमट असतानाच तेल कड्यांच्या आत शिरतं. केरोसीन लावलेल्या फडक्यानं ती पुसून घ्यावी. ओ-रिंगची, म्हणजे कड्यांत बारीक रबरी रिंगा असलेली, चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही नकोत. मग इंजिन बंद ठेवून, चाक हातानं मागं फिरवत, खालच्या पदराच्या आतल्या अंगाला ९० नंबरचं गिअर ऑइल थेंब-थेंब सोडत जायचं, म्हणजे गाडी चालताना ते आपोआप बाहेरच्या बाजूला पसरतं. जादा तेल कोरड्या फडक्यानं टिपायचं. साधारण ५०० किलोमीटरनं एकदा, पावसात भिजली तर त्याच दिवशी. रात्रभर ते मुरू द्यावं. सकाळी गाडी काढण्याआधी मागच्या टायरच्या कडेवर एखादा थेंब उडालाय का बघावं, असेल तर साबणाच्या पाण्यानं पुसावा, आणि मग पुन्हा एकदा बोटानं चेनचा खालचा पदर वर उचलून बघावा.